छपराखालची तालीम

२७ जून २०१६ रोजी नीस येथे आइसलंडने इंग्लंडला २-१ असे पराभूत केले आणि युरोपीय फुटबॉल स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१८ साली आइसलंड विश्वचषक स्पर्धेतही उतरला. तिथवर पोहोचलेला तोवरचा सर्वांत कमी लोकसंख्येचा देश तोच, आणि पहिल्याच सामन्यात त्याने अर्जेंटिनाला १-१ असे बरोबरीत रोखले. त्याची लोकसंख्या त्या वेळी सुमारे साडेतीन लाख, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहराहूनही कमी. या यशाला चमत्कार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु चमत्कारातून काही शिकता येत नाही, आणि आइसलंडकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्या देशात ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम चार-पाच तासांचा असतो. बर्फ आणि बोचरा वारा यांमुळे तेथील मुले पूर्वी कित्येक महिने चांगल्या मैदानाला मुकत. २००० सालापासून तेथे पूर्ण मैदानाच्या मापाची बंदिस्त क्रीडागृहे उभी राहू लागली आणि शाळांलगत कृत्रिम हिरवळीची लहान मैदाने झाली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अगदी लहान मुलांनाही रीतसर शिक्षण घेतलेले प्रशिक्षक मिळाले. केवळ इमारतींनी खेळाडू घडत नाहीत, हे त्या देशाने वेळीच ओळखले.

बंदिस्त जागेत मूल नेमके काय शिकते? मोठ्या मैदानावर बावीस जणांच्या धावपळीत लहानग्याच्या वाट्याला चेंडू क्वचितच येतो. चार-पाच जणांच्या आखूड मैदानात तो पुनःपुन्हा पायाशी येतो. आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणे, दोन्ही पाय सारख्याच सफाईने वापरणे, अंगावर प्रतिस्पर्धी आला असता क्षणार्धात निर्णय घेणे, हे सारे जागेच्या टंचाईतूनच अंगवळणी पडते. १९३० च्या सुमारास उरुग्वेमध्ये जन्मलेल्या फुटसाल या खेळाचे मर्म हेच आहे. त्यातील चेंडू लहान आणि कमी उसळणारा असतो. त्यामुळे जोरापेक्षा कौशल्याला किंमत येते. पेले, झिको, रोनाल्डिनो हे ब्राझीलचे खेळाडू बालपणी याच खेळात मुरले होते.

याचा अर्थ मुलांना बारमाही सामन्यांना जुंपावे असा मात्र नव्हे. टणक फरशीवरचा अतिरेक कोवळ्या गुडघ्यांना बाधतो आणि सक्तीने खेळाची गोडीच मरते. हंगामाबाहेरच्या या काळात सामन्याचा निकाल नसतो, म्हणूनच चुकण्याची भीती नसते. आणि निर्भयपणे चुकता आल्यावाचून कोणतेही कौशल्य हाती लागत नाही.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. येथला खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. जूनमध्ये मैदानांचा चिखल झाला की शाळकरी मुलांचा सराव थांबतो आणि पावसाबरोबर कमावलेले कसबही वाहून जाते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर याच भूमीत फार पूर्वी सापडलेले आहे. कोल्हापूरचा मल्ल पावसाचे निमित्त सांगून घरी बसला नाही. छपराखालच्या हौद्यात त्याची मेहनत चालूच राहिली. त्याच नगरीतील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या नामांकित फुटबॉल संघांच्या नावांतच ‘तालीम’ हा शब्द आहे. कुस्तीने जे जाणले ते फुटबॉलने विसरावे, हे शोभादायक नाही.

त्यासाठी कोट्यवधींच्या क्रीडागृहांची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेचे सभागृह, नगरपालिकेचे समाजमंदिर, बाजाराची पत्र्याची शेड, यांपैकी एखादी जागा आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळी मिळाली, डझनभर चेंडू मिळाले आणि एक जाणता क्रीडाशिक्षक मिळाला, तरी आरंभास पुरे. अडचण पैशाची कमी आणि सभागृहाच्या किल्लीची अधिक आहे. फरशी खराब होईल या धास्तीने अनेक सभागृहे वर्षाचे बहुतेक दिवस कुलूपबंद राहतात. फरशी पुन्हा पुसता येते. मुलांची शिकण्याची वर्षे मात्र परत आणता येत नाहीत. पुढचा पाऊस येण्यापूर्वी ही कुलुपे निघाली पाहिजेत.