पतीचेही पाऊल दवाखान्याकडे वळावे

बुऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक लालबागेत आहे. तेथे उतरणाऱ्या प्रवाशाला ह्या शहराची एक करुण कथा हटकून ऐकावयास मिळते. १६३१ साली शाहजहान बादशहाची बेगम मुमताज महल येथे चौदाव्या बाळंतपणात निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादेस तिला प्रथम दफन केले. ताजमहाल पुढे आग्र्यास उभा राहिला. पत्नीच्या पश्चात संगमरवर रचणारे प्रेम जगाने वाखाणले. आपल्या साध्या संसारात मात्र पतीच्या प्रेमाची कसोटी तिच्या हयातीतच, दवाखान्याच्या दारात लागते.

बंधूंनो, प्रसूती, अपत्यहीनता, अंगावरून जाणे ही सारी बायकांची दुखणी, अशी समजूत अजून आपल्या घरांत आहे. मूल होत नसले की वर्षानुवर्षे सुनेच्याच तपासण्या चालतात, नोव्हेनाही तीच करते. मुलाने तपासून घ्यावे, असे कोणी सुचवीत नाही. वास्तविक अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोषाचाही भाग असतो.

संसर्गाची गोष्ट याहून गंभीर आहे. उपदंशाचा व्रण बहुधा दुखत नाही व काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. गृहस्थास वाटते, आजार गेला. तो मात्र शरीरात राहतो, पत्नीस लागतो, गर्भातल्या बालकासही लागतो, आणि ते बालक मृत जन्मू शकते. हाच रोग पेनिसिलिनने बरा होतो. पण पत्नीने औषध घेतले आणि पतीने टाळले, तर तिला तो पुन्हा जडू शकतो. म्हणून उपचार दोघांनी करावयाचे असतात.

लाजेपायी कित्येकजण भिंतीवरील 'हमखास इलाजा'च्या जाहिरातीमागे पैसा व आरोग्य दोन्ही घालवितात. सरकारी जिल्हा रुग्णालयात ह्या रोगांची तपासणी व औषध विनामूल्य मिळते, एच.आय.व्ही.ची चाचणीही तेथे होते. तिचा निकाल गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. १०९७ ह्या क्रमांकावर फोन करून नाव न सांगताही माहिती विचारता येते.

कोणाच्या मनात अपराधाची बोच असेल, तर त्यास आम्ही एवढेच सांगू: पापासाठी पापनिवेदन आहे, रोगासाठी वैद्य आहे. एकाच्या भीतीने दुसऱ्यास टाळू नये.

वेदीपुढे आपण आरोग्यात व आजारात साथ देण्याचे वचन दिले आहे. यापुढे पत्नी दवाखान्यास निघाली, तर पतीने बाहेर विडी ओढीत न थांबता तिच्यासोबत आत जावे आणि डॉक्टर विचारतील ते खरे सांगावे.