भिंतीवरचे जाळे

कलावंतांपासून स्फूर्ती घ्यावी, असे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. ती स्फूर्ती पिशवीत घालून घरी आणावी, हे मात्र मला कधी सुचले नव्हते.

आमचे चिरंजीव यंदा दहावीत आहेत. बोलणे मुळातच बेताचे. विचारले तर ‘हो’, रागावले तर ‘बरं’. जूनमध्ये त्याची गणिताची वही सहज मागून उघडली, तो पानांमागून पाने चित्रे! लोकलचे डबे, खाडीतले बगळे, समोरच्या गच्चीवरचे पाण्याचे टाके. मी ती पाने टराटरा फाडली. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून ‘हो’ आणि ‘बरं’ हेसुद्धा आमच्या घरात दुर्मिळ झाले.

दिवाळीपूर्वी आम्ही उभयता पणत्या घ्यायला बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये गेलो. गावोगावचे कारागीर तेथे आपला माल मांडतात. एका गाळ्यात डहाणूकडचा एक वारली चित्रकार मासे धरण्याचे जाळे रंगवीत बसला होता. गेरूच्या रंगाचे कापड आणि त्यावर बारीक पांढरी रेघ. तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. असे एकेक घर भरत जाळे कापडभर पसरले होते. माझ्यातला मास्तर जागा झाला. “कंटाळा येत नाही का हो?” मी विचारले. मान वर न करता तो म्हणाला, “एक घर चुकलं तर मासा निसटंल ना!”

त्या जाळ्याने मला जिव्या सोमा मशे यांची आठवण झाली. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रे जगभर नावाजली गेली. जन्म १९३४ सालचा. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली. सांगायचे ते तो धुळीत चित्र काढून सांगे, असे म्हणतात. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चित्र ‘काढणे’ नव्हे, ‘लिहिणे’ हाच त्यांचा शब्द. मशे पुरुष असून, सणावाराची वाट न पाहता, रोज लिहीत राहिले. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या कलावंताने तिकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग नेले, आणि भिंतीवरची चित्रे जगापुढे आली. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

पद्मश्रीची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. त्या दिवशी परतताना मन अडले ते धुळीपाशी. एखाद्या शहाण्या माणसाने ती धूळ पायाने पुसून टाकली असती तर? आणि आमच्या घरातला तो शहाणा माणूस कोण, हे सौभाग्यवतींनी मुद्दाम सांगायची गरज नव्हती.

मला चित्रातले काही येत नाही. आता या वयात येण्याचीही आशा नाही. पण न बोलणाऱ्याने लिहिलेले वाचणे, घाई न करता एकेक घर भरणे, एवढे मास्तराला जमायला हरकत नसावी.

रात्री मी त्याला म्हटले, “ती पानं फाडली, ते माझं चुकलंच.” तो गप्पच राहिला. दुसऱ्या दिवशी मी एक कोरी वही आणि गेरू आणून टेबलावर ठेवला.

वसुबारसेला दाराबाहेरची तीन फूट जागा त्याने गेरूने रंगविली. तांदूळ वाटून देण्याचे काम मी पत्करले. संध्याकाळी पाहतो, तो मधोमध तारपा वाजविणारा आणि भोवती हात धरून नाचणाऱ्यांची रांग. त्यातल्या एकाच्या वाटोळ्या डोक्यावर चष्मा!

“हा कोण रे?”

“तुम्ही, बाबा.”

गणितात किती पडतात ते पुढे कळेलच. हे दोन शब्द मात्र मी आजच जमेस धरले आहेत.