कळते, पण वळत नाही

‘कळते, पण वळत नाही’ असे आपण दिवसातून दहादा म्हणतो. तपकिरीची डबी न सुटणाऱ्या आजोबांनाही ते लागू पडते आणि त्याचा अर्थ कोणी कोणाला समजावून द्यावा लागत नाही. आमच्या फौजदारी कायद्याला मात्र तो अद्याप उमगलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

१८४३ साली डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या इसमाने लंडनमध्ये पंतप्रधान पील यांच्या चिटणिसाला गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठला आहे, या भ्रमाने त्याला पछाडले होते. ज्यूरीने वेडाच्या कारणास्तव त्याला निर्दोष ठरविले आणि देशभर गिल्ला झाला. तेव्हा न्यायाधीशांनी कसोटी सांगितली: आपण काय करीत आहो, अथवा ते वाईट आहे, हे आरोपीला कळत होते काय? त्याच धर्तीचे कलम १८६० च्या आपल्या दंडसंहितेत ८४ व्या क्रमांकावर बसले. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता वाजतगाजत अमलात आली. तिचे २२ वे कलम उघडून पाहावे. तेच जुने वाक्य नवा क्रमांक लावून बसले आहे!

म्हणजे कायदा विचारतो ते एवढेच, की ‘कळत होते ना?’ आजाराने पोखरलेल्या मनाला स्वतःचा हात आवरता येत होता काय, हे तो विचारीतच नाही. खुद्द इंग्लंडने १९५७ साली, मनोविकृतीने जबाबदारी बरीच उणावली असेल तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर उतरविण्याची सोय केली. आम्ही मात्र त्यांचे जुनेच जोडे तेवढे अजून घालतो.

‘मग जो तो रागाचे निमित्त सांगेल,’ असे कोणी म्हणेल. राग म्हणजे आजार नव्हे. शिवाय वेडाचा पुरावा आणण्याचा भार आजही आरोपीवरच आहे, तो तसाच राहू द्या. निर्दोष ठरला म्हणून कोणी मोकाटही सुटत नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवू शकते. मॅक्नॉटन १८६५ साली मेला तो वेड्यांच्या इस्पितळातच.

मी दया मागत नाही. शिक्षा जरूर द्या. पण जे करणे ज्याच्या हातात होते, त्याचीच द्या. आजोबांच्या तपकिरीवरून जे घराला कळते, ते संसदेला कळू नये? की तिलाही कळते, पण वळत नाही?