फ्रीजवरचा आकडा आणि आतला गारवा

गेल्या वैशाखात आमच्या सासूबाईंची साखर एकाएकी वाढू लागली. उपाशीपोटीची साखर एरवी 120 ते 130च्या दरम्यान असे. ती आठवडाभरात 200च्या पुढे गेली. आहार तोच, फिरणे तेच, इन्सुलिनची मात्राही तीच. आंब्यांचे दिवस असल्याने घरातल्या सर्वांचा संशय आमरसावर गेला. चवीपुरत्या दोन चमच्यांपलीकडे आपण काही घेतले नाही, असे सासूबाई रोज काकुळतीने सांगत होत्या. पण त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसेना. डॉक्टरांनी मात्रा वाढवण्याचा विचार बोलून दाखवला. मात्र त्याआधी त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, "इन्सुलिन ठेवता कुठे?"

"फ्रीजमध्ये," मी म्हटले.

"आणि फ्रीज नीट चालतो?"

"चालतो की! दारावर 4 अंश दिसतात."

"घरी जाऊन ती बाटली एकदा उजेडात धरून पाहा," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंचे इन्सुलिन दुधाळ दिसणारे, मिश्र प्रकारचे आहे. बाटली तळहातांत हलकेच घोळवली की ते एकजीव व्हायला हवे. तसे झाले नाही. काचेला आतून बारीक कण चिकटून राहिले होते आणि तळाशी गुठळ्या दिसत होत्या. बाटलीशेजारच्या दह्याच्या कडेला बर्फाचे स्फटिक धरले होते. काकडी पाणचट झाली होती आणि कोथिंबीर काळी पडली होती. दोन आठवडे ही कोथिंबीर मी भाजीवाल्याच्या माथी मारत होते!

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. ते एकदा गोठले की वितळल्यावरही पूर्वीसारखे काम करील याचा भरवसा राहत नाही, म्हणून ते टाकून द्यावे लागते. पाण्यासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये तर गोठून गेल्यावरही डोळ्यांना काही फरक दिसेल असे नाही. यातला खरा धोका पुढेच असतो. निकामी इन्सुलिनमुळे साखर वाढते, म्हणून मात्रा वाढवली जाते. मग नवी, चांगली बाटली येते आणि त्याच वाढीव मात्रेने साखर एकदम खाली घसरते. घाम, थरथर, बोलण्यातला गोंधळ आणि रात्रीच्या अंधारात तोल जाऊन पडणे हे सारे वृद्धांच्या बाबतीत जिवावर बेतू शकते.

मग दारावरच्या 4 अंशांचे काय? पुष्कळ फ्रीजच्या दारावर दिसणारा आकडा आपण ठरवून दिलेला असतो. आत प्रत्यक्ष किती गारवा आहे, ते तो सांगत नाही. प्रत्यक्ष गारवा मोजण्याचे काम आतल्या एका छोट्या सेन्सरकडे असते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या बहुतेक फ्रीजमध्ये हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. गारवा वाढला की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि उष्णता वाढली की कमी होतो. त्या रोधावरून फ्रीजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तापमान ठरवतो आणि कॉम्प्रेसर चालू वा बंद करतो. (जुन्या एकदारी फ्रीजमध्ये मात्र बहुधा गोल बटणाचा यांत्रिक थर्मोस्टॅट असतो.)

सेन्सर बिघडला तरी फ्रीज बंद पडतोच असे नाही. आत दिवा लागतो, घरघर ऐकू येते. फक्त बोर्डाला चुकीची खबर मिळत राहते. सेन्सरने आहे त्यापेक्षा जास्त उष्णता दाखवली, तर कॉम्प्रेसर थांबत नाही आणि औषधे गोठतात. त्याने उगाच जास्त गारवा दाखवला, तर कॉम्प्रेसर लवकर थांबतो आणि आतले अन्न कोमट राहते. 5 अंशांच्या वर जंतूंची वाढ वेगाने होऊ लागते. अशा अन्नाला वास येईलच असे नाही आणि उतारवयात प्रतिकारशक्तीही उणावलेली असते.

त्यामुळे फ्रीजची खातरजमा करायला दुसरा, स्वतंत्र साक्षीदार हवा. उणे अंशही दाखवणारा फ्रीजचा साधा थर्मामीटर त्यासाठी पुरतो. ताप मोजण्याचा थर्मामीटर येथे चालणार नाही, कारण त्याची मोजपट्टी 35 अंशांच्या आसपास सुरू होते. आधी त्या थर्मामीटरचीही परीक्षा घ्यावी. पेला बर्फाच्या चुऱ्याने भरावा, त्यात थोडे पाणी घालावे आणि पाच मिनिटांनी वाचन घ्यावे. ते 0च्या आसपास यायला हवे. मग पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात ठेवून त्यात थर्मामीटर रात्रभर बुडवून ठेवावा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते. पाण्याचे तसे चटकन बदलत नाही. दोन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री आकडा लिहून ठेवावा. एक दिवस मागच्या भिंतीजवळही मोजावे. आमच्याकडे मधल्या कप्प्यात जेमतेम 1 अंश आणि मागे उणे 2 अंश निघाले.

आकडा चुकीचा आला म्हणून लगेच सेन्सरला दोष देऊ नये. फ्रीज कोमट असेल, तर दाराचे रबर तपासावे: दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे, कपटा सहज ओढून निघाला, तर रबर सैल आहे. आतल्या हवेच्या झरोक्यांसमोर पातेली अडवून ठेवलेली नाहीत ना, गरम आमटी तशीच आत ठेवली जात नाही ना, हेही पाहावे. फ्रीजर चांगला गार आणि खालचा भाग कोमट असेल, तर आतील थंड हवेचा मार्ग बर्फाने बुजलेला असू शकतो. उलट, गारवा जास्त असेल, तर कोणी गारव्याची पातळी वाढवून ठेवली आहे का ते पाहावे. पातळी बदलूनही चोवीस तासांत काहीच फरक पडला नाही आणि कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर सेन्सरचा संशय बळावतो.

येथवरची तपासणी घरच्यांची. मागचे झाकण उघडणे, तारा हाताळणे ही कामे जाणत्या मेकॅनिकचीच. आपण फक्त त्याला सेन्सर मोजून दाखवायला सांगावे. आमच्याकडे पहिल्याने फोनवरच 'बोर्ड गेला असणार' असा निकाल दिला होता. दुसऱ्याने प्लग काढला, सेन्सर सोडवला, बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि मल्टिमीटर लावला. आमच्या फ्रीजमधील सेन्सरचा रोध 25 अंशांना 10 हजार ओहम असतो आणि 0 अंशाला तो सुमारे 33 हजार ओहम व्हायला हवा. प्रत्यक्षात भरला 25 हजार! म्हणजे 0 अंशाच्या पाण्याला तो जवळजवळ 6 अंश समजत होता. आत ओल शिरली की असे होते. प्रत्येक फ्रीजच्या सेन्सरचे आकडे वेगळे असतात, म्हणून मेकॅनिकने ते त्या मॉडेलच्या तक्त्याशी ताडून पाहावेत. रोध बरोबर निघाला, तर मग तारांचे जोड आणि बोर्ड यांची पाळी. नवा सेन्सर बसवण्याचा खर्च बोर्डाच्या मानाने किरकोळ ठरला.

दुरुस्ती होईपर्यंत न उघडलेल्या बाटल्या शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवता येतात. वापरातली बाटली साधारणतः चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते; पण ते 25 की 30 अंशांपर्यंत, हे सोबतच्या पत्रकात पाहावे. कडक उन्हाळ्यात ओल्या मडक्याचा गारवा कामी येतो. बाटलीला थेट बर्फ मात्र लावू नये. फ्रीजमध्ये औषधांची जागा मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात असावी. दारात नव्हे आणि मागच्या भिंतीला टेकूनही नव्हे. काचबिंदूचे काही थेंबही बाटली उघडेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवावे लागतात, त्यांनाही हाच नियम. औषध गोठल्याची शंका आली, तर नवी बाटली आणावी, डॉक्टरांना कळवावे आणि पुढचे काही दिवस साखर वरचेवर तपासावी. मात्रा स्वतःहून बदलू नये.

सासूबाईंची मात्रा वाढवावी लागली नाही. नव्या बाटलीने चार दिवसांत साखर पूर्ववत झाली आणि आमरसाच्या आरोपातून त्या मुक्त झाल्या. आता मधल्या कप्प्यात थर्मामीटरचा पेला कायम असतो. रोज सकाळी त्या चष्मा लावून आकडा वाचतात आणि दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, नोंदवून ठेवतात.