ना हरकत कोणाची?



मध्यंतरी पठारावरच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. डोंगरमाथ्यावर ओळीने पवनचक्क्या, आणखी काही उभ्या राहणार होत्या. एका बाईंनी विचारलं, "ताई, गावानं 'हरकत नाही' लिहून दिलं म्हणं. गाव म्हंजी कोण? आम्ही न्हाई का गावात?"

सातारा जिल्ह्यातलं वनकुसवडे पठार असो की धुळ्याचा साक्री तालुका, हा प्रश्न सगळीकडे विचारायला हवा. वाऱ्याच्या विजेला आपला विरोध नाही. तिला ना धूर ना राख. प्रश्न आहे निर्णयाचा. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, म्हणून त्याखालची जनसुनावणीही नाही. जमिनीचा व्यवहार होतो सातबाऱ्यावर नाव असलेल्याशी, आणि ते नाव बहुधा पुरुषाचं. त्याच माळावर गुरं चारणं, गवत कापणं, सरपण गोळा करणं मात्र बाईचं काम. माळाला कुंपण पडलं की तिची पायपीट वाढते. मोबदल्याच्या हिशोबात ही पायपीट कुठे धरली जाते?

बोलायची जागा उरते ती ग्रामसभा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या राज्यात २००३ पासून आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्या गावच्या सरपंचही बाईच. पण महिला सभेचं विचारलं तर उत्तर आलं, "वही घरी आली, आम्ही सह्या केल्या."

सरपंचबाईंना दोष देऊन भागणार नाही. रस्ता होईल, पोरांना काम मिळेल, असं मानणाऱ्या बायकाही त्या बैठकीत होत्या. त्यांचं म्हणणंही खरं आहे. पण होकार असो वा नकार, तो बोलून, ऐकून, चर्चा करून ठरायला हवा. घरपोच वहीवरच्या सहीला संमती कसं म्हणायचं?

म्हणून आपल्या गटांनी एवढं तरी धरून ठेवावं. आधी महिला सभा, मगच ठराव. कोणती जमीन जाणार, रस्ता कुठून, चराई राहणार की नाही, हे सभेत मोठ्याने वाचून दाखवलं जावं. आपलं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं जावं आणि त्याची नक्कल गटाकडे असावी. आणि सही करण्याआधी वही वाचावी. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावी.

तुमच्या गावात काय घडलं, जरूर लिहा.