यंत्र विकले, भाषा राखून ठेवली

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबविला आणि जगभरातील असंख्य संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. त्यांत बिघाड काहीच झालेला नव्हता. ‘विंडोज ११’ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था किंवा पुरेसा नवा प्रोसेसर त्यांच्यात नव्हता, एवढाच त्यांचा अपराध. शाळांच्या संगणक-कक्षांतील, छोट्या कार्यालयांतील आणि विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून घेतलेली कित्येक यंत्रे या वर्गात मोडतात. ती भंगारात न काढता त्यांवर लिनक्स बसवावे, असा सल्ला सध्या सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. लिनक्स विनामूल्य आहे, जुन्या यंत्रावर सुखाने चालते आणि त्याच्या दुरुस्त्या कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. मात्र सल्ला देणारे एक गोष्ट सांगावयाचे विसरतात. लिनक्स बसविल्यावर संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, देवनागरी अक्षरेही नीट दिसतात. आणि मग ध्यानात येते की, वायफाय लागत नाही, किंवा कोपऱ्यातल्या प्रिंटरने मौन धरले आहे. अशा वेळी कारकून आणि शिक्षक एकच निष्कर्ष काढतात, की हे शौकिनांचे काम आहे, आपले नव्हे. त्यांची अडचण खरी आहे. दोषाचा पत्ता मात्र चुकलेला आहे.

हा पत्ता शोधावयाचा तर ‘ड्रायव्हर’ म्हणजे काय, हे समजून घ्यावयास हवे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा तिच्या कर्त्यांनी एक सुंदर कल्पना मांडली. कार्यप्रणालीच्या दृष्टीने प्रत्येक उपकरण ही जणू एक फाइल आहे. तिच्यातून वाचावे, तिच्यात लिहावे. लिनक्सने हीच रीत उचलली. परंतु प्रत्यक्षात कोणतीही चिप फाइलसारखी वागत नाही. तिच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा कोणत्या क्रमाने टाकला म्हणजे ती जागी होते, किती क्षण थांबल्यावर उत्तर देते, हे सारे तिच्या निर्मात्याने ठरविलेले असते. कार्यप्रणाली आणि चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. निर्मात्याने चिपची भाषा कागदावर मांडून दिली, तर जगातला कोणीही जाणकार तो दुभाषी तयार करू शकतो. ती दिली नाही, तर अंदाज, हेरगिरी आणि चिकाटी यांवर भागवावे लागते. लिनक्सवर ‘हे चालत नाही’ अशी जी ओरड होते, तिच्यातील फार मोठा भाग या दुसऱ्या प्रकारातला आहे.

ही तक्रार नवी नाही. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन या तरुण आज्ञावलीकाराला एवढेच करावयाचे होते, की कागद अडकला म्हणजे संबंधितांच्या पडद्यावर सूचना यावी. आधीच्या प्रिंटरवर त्याने ते केले होते. या वेळी मूळ आज्ञावली मिळाली नाही. ज्याच्याकडे ती होती, त्याने गुप्ततेचा करार पुढे केला. स्टॉलमनने १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे जे अनुभव होते त्यांत हा एक होता. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगम अडकणाऱ्या प्रिंटरात असावा आणि चार दशकांनंतरही तिच्या अनुयायांची पहिली संध्याकाळ प्रिंटरपाशीच जावी, यात काव्यगत न्याय आहे की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वायफायचे उदाहरण अधिक बोलके आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक लॅपटॉपांत ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपा बसविलेल्या असत. कंपनीने लिनक्ससाठी ना ड्रायव्हर दिला, ना चिपची माहिती. तेव्हा काही लोक विंडोजचाच ड्रायव्हर ‘एनडिसरॅपर’ नावाच्या वेष्टनात गुंडाळून लिनक्सवर चालवीत. काही मोजक्या स्वयंसेवकांनी मात्र खरा मार्ग धरला. ब्रॉडकॉमच्याच चिपा असलेल्या राउटरांवर चालणारा बंद ड्रायव्हर त्यांनी उलगडला. यात त्यांनी पाळलेली शिस्त लक्षात ठेवण्याजोगी आहे. एका गटाने तो बंद ड्रायव्हर वाचावयाचा आणि चिप कशी वागते याचे वर्णन लिहावयाचे. दुसऱ्या गटाने तो कधीही न पाहता केवळ वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहावयाचा. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही सोवळेओवळ्याची व्यवस्था. त्यातून तयार झालेला ड्रायव्हर २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. ब्रॉडकॉमने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, आणि तोही नव्या चिपांसाठी.

बरे, ड्रायव्हर झाला म्हणजे काम झाले असेही नाही. चिपच्या आत चालणारी एक छोटी आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, दर वेळी संगणकाने तिच्यात भरावी लागते. ब्रॉडकॉमच्या त्या जुन्या चिपांचे फर्मवेअर इतरांना वाटण्याची परवानगी नव्हती. त्यामुळे ते लिनक्सबरोबर देता येईना. वापरणाऱ्याने ते इंटरनेटवरून स्वतः उतरवून घ्यावे, अशी सूचना येई. ज्याचे इंटरनेटच चालत नाही त्याने इंटरनेटवरून फर्मवेअर आणावे! गावातल्या एकमेव विहिरीला पोहरा नाही आणि पोहरा विहिरीच्या तळाशी, अशातला हा प्रकार. ज्यांच्या वाटपाला परवानगी आहे अशा फर्मवेअरबाबत पुढे थोडी सोय झाली. डेबियन या तत्त्वनिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाने २०२२ साली सभासदांचे मतदान घेऊन बंद फर्मवेअरही स्थापनेच्या साधनात घालण्याचे ठरविले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आणले. तत्त्वाला मुरड घालावी लागली याचे अनेकांना दुःख झाले. पण वायफायविना उभ्या असलेल्या माणसाला तत्त्व शिकविण्यात तरी काय अर्थ होता?

ज्याच्यासमोर आज असा मुका संगणक आहे, त्याने प्रथम खोक्यावरचे नाव विसरावे. उपकरणाचे खरे नाव त्याच्या पोटात असते. पीसीआय आणि यूएसबी या दोन्ही पद्धतींत प्रत्येक उपकरण आपल्या निर्मात्याचा व स्वतःचा असे दोन क्रमांक सांगते. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ आणि ‘एलएसयूएसबी’ या दोन आज्ञा ते वाचून दाखवितात. इंटेलचा पीसीआय क्रमांक ८०८६ आहे. १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरची आठवण कंपनीने अशी जपली आहे. खोक्यावरील नाव किती फसवे असते याचा नमुना म्हणून टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या लहानशा यूएसबी वायफायकडे पाहावे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती आणि ती लिनक्सवर उत्तम चाले. दुसऱ्या आवृत्तीत नाव तेच राहिले, आत रिअलटेकची निराळी चिप आली. पहिल्या आवृत्तीची स्तुती ऐकून दुसरी विकत घेणाऱ्यांची काय स्थिती झाली असेल, हे सांगावयास नको.

क्रमांक कळला की ‘डीमेसेज’ या आज्ञेने गाभ्याची रोजनिशी वाचावी. यंत्र सुरू होताना काय घडले, ते तीत ओळीने लिहिलेले असते. उपकरणाला कोणी ड्रायव्हर भेटलाच नाही, ड्रायव्हर भेटला पण फर्मवेअरची फाइल सापडली नाही, की ‘सिक्युअर बूट’च्या पहारेकऱ्याने स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरला दारातच अडविले, याचा उलगडा बहुधा तेथेच होतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. पहिल्या प्रकारात नवा गाभा बसवून पाहावा, दुसऱ्यात फर्मवेअरचे पॅकेज मिळवावे, तिसऱ्यात ड्रायव्हरवर स्वाक्षरी करावी किंवा पहारा उठवावा. कोणी तरी सांगितलेल्या दहा आज्ञा न समजता टंकित करण्यापेक्षा ही दहा मिनिटांची वाचनाची मेहनत केव्हाही स्वस्त. आणखी एक अनुभव अनेकांना येतो. काल चालणारे उपकरण कार्यप्रणाली अद्ययावत करताच आज बंद पडते. तेव्हा ड्रायव्हर गाभ्याच्या बाहेरून आणून बसविलेला असतो, असेच बहुधा आढळते. गाभ्याची अंतर्गत रचना सतत बदलते. आत असलेल्या ड्रायव्हरमध्ये अनुरूप फेरफार बदल करणाराच करून ठेवतो. बाहेरच्याला वाली नसतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली ज्या ८०३८६ प्रोसेसरसाठी लिनक्स लिहिले, त्याचा आधार गाभ्यातून काढला गेला तो २०१२ च्या डिसेंबरात. इतका दीर्घ सांभाळ कोणत्या कंपनीने आपल्या जुन्या ग्राहकाचा केला आहे?

लिनक्सवाल्यांचे सारेच गोड आहे असे मात्र नव्हे. प्रश्न विचारणाऱ्या नवख्याला ‘आधी पुस्तिका वाचा’ म्हणून झिडकारण्याची जुनी खोड त्यांच्यात आहे. लॅपटॉप झोपवून पुन्हा उठविणे, बोटांच्या ठशांचे वाचक, यांसारख्या बाबतींत आजही हमखास काही सांगता येत नाही. खुद्द टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एनव्हिडिया कंपनीला उद्देशून भर सभेत असभ्य हातवारा केला. त्याचा संताप समजण्यासारखा असला, तरी तशा भाषेने कोणाचा पडदा उजळला नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे. रेडिओ लहरींची शक्ती व वारंवारता यांवर प्रत्येक देशात कायद्याचे बंधन असते आणि वायफाय चिप उघडी केली तर कोणीही ते मोडेल, ही भीती अगदीच निराधार नाही. प्रतिस्पर्ध्यांचे पेटंटविषयक दावे, व्यापारी गुपिते हीही कारणे सांगितली जातात. परंतु ती कारणे किती अटळ आहेत हे इतरांच्या वर्तनावरून कळते. एएमडीने एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी ताब्यात घेतल्यानंतर २००७ च्या सप्टेंबरात चिपांची कागदपत्रे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कंपनी बुडाली नाही. एनव्हिडियानेही अखेर मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी बोलणारा भाग खुला केला. बराचसा कारभार चिपच्या बंद फर्मवेअरकडे सरकवून मग केला, हेही नमूद केले पाहिजे.

प्रिंटरची कथा तर उद्बोधक आहे. एके काळी स्वस्त प्रिंटरांतून बुद्धी काढून घेऊन ती विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये ठेवण्याची प्रथा पडली. एचपीचा लेसरजेट १०२० हा आपल्याकडील कार्यालयांत सर्वपरिचित असलेला प्रिंटर याच जातीचा. चालू केल्यावर दर वेळी संगणकाने त्याला फर्मवेअर पाजावे लागते, तेव्हा तो बोलू लागतो. स्वयंसेवकांनी त्याचाही ड्रायव्हर तयार केला. एचपीने स्वतः लिनक्ससाठी ‘एचपीलिप’ हा खुला संच चालविला आहे, हेही न्यायाने सांगावयास हवे. पण या रोगावर खरा उतारा पडला तो मोबाइलमुळे. फोनवर प्रत्येक प्रिंटरचा निराळा ड्रायव्हर बसविणे शक्य नव्हते, म्हणून २०१० साली ॲपलने ‘एअरप्रिंट’ आणले, पुढे ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे सर्वांसाठीचे मानक आले आणि प्रिंटर ठरीव भाषा बोलू लागले. आजचे असे प्रिंटर लिनक्सवर बहुधा ड्रायव्हरविनाच चालतात. तीस वर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नाही, ते मोठ्या ग्राहकाच्या गरजेने झाले.

आपल्याकडे सर्वांत मोठा ग्राहक शासन आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच्या ई-शासन मानकांत यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी ड्रायव्हरविषयक एक स्वतंत्र धोरणही आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ हे भारतीय भाषांतील लिनक्स काढले. केरळच्या सरकारी शाळांत शाळांसाठीच घडविलेली लिनक्सची आवृत्ती वर्षानुवर्षे शिकविली जाते. म्हणजे कागद आहेत, कारागीर आहेत, अनुभव आहे. पण जिल्हा परिषदेची किंवा महाविद्यालयाची खरेदी समिती निविदा काढते, तेव्हा तिच्यासमोर प्रोसेसरचा वेग, स्मृतीचा आकार आणि किंमत हेच तीन रकाने असले, तर वायफायची चिप कोणाची याची विचारणा करणार कोण? त्या निविदेत एक ओळ घालणे अवघड नाही: पुरविलेले प्रत्येक उपकरण लिनक्सच्या प्रचलित गाभ्यात असलेल्या ड्रायव्हरवर चालले पाहिजे आणि चिपचे क्रमांक पुरवठादाराने लेखी दिले पाहिजेत. त्याने वर्षाकाठी हजारो यंत्रांचा प्रश्न विक्रीपूर्वीच निकालात निघेल.

एकेकट्या ग्राहकाला निविदा काढता येत नाही. पण पेनड्राइव्ह खिशात नेता येतो. त्यावरून लिनक्स सुरू करता येते आणि तसे केल्याने यंत्रातील मूळ कार्यप्रणालीला धक्का लागत नाही. दुकानातच वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झोपवून उठविणे एवढे तपासावयास पाऊण तास पुरतो. दुकानदार कुरकुर करील. पैसे अजून ग्राहकाच्याच खिशात असतात, तोवर ती कुरकुर ऐकून घेण्यास हरकत नाही.