समीकरण फळ्यावर मांडता येतं, वेग मात्र मोजावाच लागतो



बारावीच्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. हायड्रोजन आणि आयोडीनची वाफ एकत्र तापवली की हायड्रोजन आयोडाइड बनतं. हायड्रोजनचा एक रेणू, आयोडीनचा एक रेणू, तयार झाले दोन. आयोडीनच्या जागी ब्रोमीन घ्या, समीकरण तसंच. क्लोरीन घ्या, तरी तसंच. मग तिन्ही अभिक्रियांच्या वेगाचा नियमही एकच असेल का? बहुतेक मुलं लगेच "हो सर" म्हणतात.

उत्तर चुकलं, पण दोष मुलांचा नाही. समीकरणातले आकडे उचलून सूत्रात घालायची सवय आपणच लावली आहे. हा दर कोणी, कसा मोजला, हे आपण सांगतच नाही.

जर्मन रसायनतज्ज्ञ माक्स बोडेनश्टाइन यांनी १८९० च्या दशकात आयोडीनची ही अभिक्रिया मोजली. पद्धत ऐकायला सोपी आहे. काचेच्या चंबूत वायू भरून तोंड वितळवून बंद करायचं, ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचं आणि झटकन थंड करायचं. थंड झालं की अभिक्रिया जवळजवळ जागीच थांबते. मग चंबू फोडून आत काय किती उरलं ते तपासायचं. पण एकदा फोडलेला चंबू परत वापरता येत नाही. म्हणजे एक चंबू, आलेखावर एक बिंदू! आपण फळ्यावर एका झटक्यात जी रेघ ओढतो, तिच्यामागे अशी चिकाटी आहे. हायड्रोजन आयोडाइडच्या विघटनाचा दर-स्थिरांक साधारण २८३ अंश सेल्सिअसपासून ५०८ अंशांपर्यंत लाखपटीहून जास्त वाढतो, हे अशा मोजणीतूनच कळलं.

आयोडीनचा नियम सरळ निघाला. दोन्ही वायूंची संहती दुप्पट केली की वेग चौपट. पण १९०७ साली बोडेनश्टाइन आणि लिंड यांनी ब्रोमीन मोजलं आणि वेगळंच दिसलं. सुरुवातीला ब्रोमीन चौपट केलं तर वेग फक्त दुप्पट. शिवाय तयार झालेलं हायड्रोजन ब्रोमाइडच अभिक्रियेला मागे खेचतं. हे का होतं, ते क्रिश्चनसन, हर्झफेल्ड आणि पोलानी यांनी १९१९-२० च्या सुमारास स्वतंत्रपणे उलगडलं: ब्रोमीनचे सुटे अणू अभिक्रियेची साखळी चालवतात. क्लोरीनची तर तऱ्हाच निराळी. अंधारात ते मिश्रण शांत असतं, प्रखर सूर्यप्रकाशात स्फोट होतो.

आणि आयोडीन? दोन रेणूंच्या साध्या टकरीचं आदर्श उदाहरण म्हणून ते कित्येक वर्षं शिकवलं गेलं. १९६७ मध्ये सलिव्हन यांनी कमी तापमानाला प्रकाश टाकून आयोडीनचे अणू सुटे केले, तेव्हा अभिक्रियेचा वेग त्या सुट्या अणूंवर अवलंबून असल्याचं दिसलं. साध्या टकरीच्या चित्रावर प्रश्नचिन्ह लागलं. बोडेनश्टाइन यांची मोजणी खोटी नव्हती. आपण तिला जोडलेली गोष्ट कच्ची होती. हा फरक मुलांना कळला, तर मला वाटतं विज्ञान कळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हे वायू विषारी आहेत, त्यामुळे शाळेत किंवा घरी हा प्रयोग मुळीच नको. पण आकडे तर देता येतात! सूत्र सांगण्याआधी संहती आणि वेगाचा छोटा तक्ता द्या. "ब्रोमीन चौपट, वेग दुप्पट, मग घातांक किती?" हे मुलांना शोधू द्या. एक तास जास्त जाईल, पोर्शन थोडा मागे पडेल, मान्य. पण अर्धा हा घातांक ज्यानं स्वतः शोधला, तो समीकरण बघून उत्तर ठोकून देणार नाही.

पालकांनो, तुम्हीही "सूत्र पाठ झालं का?" याऐवजी एकदा विचारा, "हे मोजलं कसं रे?" मुलाला सांगता आलं नाही, तर त्याला रागावू नका. तो प्रश्न वहीत लिहून आमच्याकडे पाठवा. उत्तर द्यायची जबाबदारी आमची आहे.